पिशवी नको म्हणणं सोपंय, मग मासे कशात आणायचे?

आमच्या किचनच्या दारामागे एक खिळा आहे आणि त्या खिळ्याला पिशव्यांची पिशवी. म्हणजे दुकानाची एक मोठी प्लास्टिकची पिशवी आणि तिच्या पोटात बाकीच्या सगळ्या, भाजीच्या, मेडिकलच्या, मिठाईवाल्याच्या, कोंबून कोंबून भरलेल्या. तुमच्याकडेही असणारच, कुणाची ओट्याखाली असते, कुणाची फ्रीज आणि भिंतीच्या फटीत. आईचा नियम असा की चांगली पिशवी टाकायची नाही, आणि आईच्या मते सगळ्याच पिशव्या चांगल्या.

तीन वर्षांपूर्वी मी ठरवलं की ही पिशवी रिकामी करायची आणि परत भरू द्यायची नाही. पहिल्याच आठवड्यात तोंडावर आपटलो. ऑफिसवरून येताना काकड्या आणि ओली मेथी कागदी पिशवीत घेतली, स्टेशनच्या पुलावर अर्ध्यात आलो आणि तळ सुटला, काकड्या पायऱ्यांवरून खाली आणि मागून आलेली लोकलची गर्दी वर, एक काकडी तर कुणाच्या तरी बुटाखाली गेली. खाली उतरलो आणि निमूटपणे तिथल्याच भाजीवाल्याकडून कॅरीबॅग मागून घेतली.

चूक कुठे होती ते नंतर लक्षात आलं. मी एका पिशवीला एक पर्याय शोधत होतो. पण ती पातळ पिशवी आपल्या घरात एकच काम करत नव्हती, ती भाजी आणायची, मासे आणायची, दही सांभाळायची, फ्रीजमध्ये कोथिंबीर ताजी ठेवायची, पावसात मोबाइल कोरडा ठेवायची आणि शेवटी कचऱ्याच्या डब्यात अस्तर म्हणून जायची. सहा कामं, एक नोकर, पगार शून्य. त्याला काढलं की त्याच्या जागी सहा जणं लावावी लागतात. खाली जे लिहिलंय ती या सहा जणांची भरती समजा, आमच्याकडे ज्या क्रमाने जमली त्याच क्रमाने.

आधी कायदा, पटकन

दुकानदाराशी बोलायचं तर एवढं माहीत असावं. महाराष्ट्राची प्लास्टिक पिशव्यांवरच्या बंदीची अधिसूचना २३ मार्च २०१८ ची, तीन महिन्यांची सवलत संपून २३ जून २०१८ पासून कारवाई सुरू झाली. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. त्या जूनमध्ये लोक खरोखर डबे घेऊन हॉटेलात जात होते, आठवत असेल. केंद्राचा नियम वेगळा, त्यात जाडीची भाषा आहे: सप्टेंबर २०२१ अखेरीपासून ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) खाली नाही आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० च्या खाली नाही. म्हणून दुकानदार म्हणतो "साहेब, ही जाड आहे, चालते". पण आपल्या राज्याच्या अधिसूचनेत कॅरीबॅग हँडलची असो, बिनहँडलची असो, ती बंदच, तिथे जाडीचा प्रश्न येत नाही. दुधाच्या पिशवीसारख्या काही गोष्टींना सूट आहे ती वेगळी.

मग तरी पिशव्या येतात कुठून? गणित करून बघा. २० बाय ३० सेंटिमीटरची पिशवी २० मायक्रॉनची असेल तर तिचं वजन सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे एका किलोत चारशेच्या वर पिशव्या. तीच ५० मायक्रॉनची केली तर किलोत पावणेदोनशेच, आणि १२० ची केली तर फक्त पंच्याहत्तर. भाजीवाला किलोवर पिशव्या घेतो. त्यामुळे पिशवी जितकी पातळ आणि जितकी बेकायदा तितकी त्याला स्वस्त. शिवाय अख्ख्या दिवसाचा स्टॉक बसायच्या पोत्याखाली मावतो, पालिकेची गाडी दिसली की मावशी त्यावर बसून घेतात.

हे फक्त आपल्याकडचंच नाही. पातळ पिशवीवर देशभर बंदी घालणारा पहिला देश बांगलादेश, २००२ मध्ये, कारण १९८८ आणि १९९८ च्या पुरात गटारं पिशव्यांनी तुंबली होती. ज्यूट पिकवणारा देश, तरी तिथल्या बाजारातून ती पिशवी गेली नाही. आपल्याला २६ जुलै २००५ आठवतोच, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस आणि नंतर नाल्यांतून निघालेल्या पिशव्यांचे ढीग. भीती वर्षभर टिकते, मग कोथिंबीर आणायची वेळ येते.

एक आठवडा फक्त मोजा

काही बंद करू नका, फक्त मोजा. कॅलेंडरवर घरात आलेल्या प्रत्येक पिशवीची एक रेघ मारा आणि शेजारी एक अक्षर, भा, मा, दू, मे, हॉ, म्हणजे भाजी, मासे, दूध, मेडिकल, हॉटेल. आमच्याकडे आठवड्याला ३१ निघाल्या. मला वाटलं होतं भाजीच्या जास्त असतील आणि तशा त्या होत्याही, पण खरा धक्का वेगळा होता, १४ पिशव्या एकट्या मीच आणल्या होत्या आणि त्यातल्या ९ ऑफिसवरून येताना. म्हणजे प्रश्न रविवारच्या मोठ्या खरेदीचा नव्हताच, तिला पिशवी बरोबर असतेच. प्रश्न संध्याकाळी सातच्या "येताना दोन लिंबं आण" या फोनचा होता.

सुरुवात उलट्या टोकाने करा, कचऱ्याच्या डब्यापासून

बहुतेक जण बाजारापासून सुरुवात करतात आणि इथेच फसतात. कारण बाजारातून पिशवी आली नाही की चौथ्या दिवशी डब्यात काय लावायचं हा प्रश्न येतो, मग काळ्या गार्बेज बॅगचा रोल विकत आणला जातो, म्हणजे फुकटचं प्लास्टिक जाऊन पैसे देऊन प्लास्टिक आलं. आमच्याकडे अगदी हेच झालं. डब्याला पिशवी लागत नाही म्हटल्यावर मग आईला पिशव्या साठवायचं कारणच उरत नाही. म्हणून पहिली पायरी ही.

ओल्या कचऱ्यात त्रास कचऱ्याचा नसतो, पाण्याचा असतो. सिंकमध्ये एक जुनी चाळणी ठेवा, चहाचा चोथा, ताटातलं उरलेलं, कलिंगडाची सालं, सगळं आधी चाळणीत, पाणी निथळलं की डब्यात. चोथा हाताने एकदा पिळा. एवढं केलं की अर्धा वास गेलाच.

मग डबा. वर्तमानपत्राची दोन मोठी पानं घ्या, एक आडवं एक उभं असं अधिकच्या खुणेसारखं एकमेकांवर ठेवा, मधोमध मूठ दाबून डब्यात उतरवा आणि चारही टोकं काठावरून बाहेर दुमडा. तळाला अजून एक पान चुरगळून टाका, त्यावर असेल तर मूठभर सुका पाला नाहीतर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. रात्री नाही, सकाळी कचरा न्यायला येतात त्याच्या आधी रिकामं करायचं, टोकं आत दुमडली की पुडकं तयार होतं आणि ते तसंच सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या ड्रममध्ये जातं. माशाच्या दिवशी दोन थर. डबा रोज विसळायचा, हे टाळता येत नाही, मी टाळून बघितलंय.

एक गोष्ट सांगायची राहिली. आपण ओला कचरा पिशवीत घट्ट गाठ मारून देतो ना, तर खाली कचरा वेगळा करणाऱ्या ताई ती पिशवी नखाने फाडतात, दुसरा मार्गच नसतो, आणि आत कधी ब्लेड असतं कधी फुटलेली काच. मी एकदा गेटवर उभं राहून बघितलं, मग घरी येऊन कुणाला लेक्चर द्यायची गरज पडली नाही, फक्त बघितलं ते सांगितलं.

सॅनिटरी पॅड आणि डायपर मात्र मोकळे द्यायचे नाहीत, जाड कागदात गुंडाळून, दोऱ्याने बांधून, वर लाल खूण करून वेगळे द्यायचे.

पिशव्या विकत घेऊ नका, साडी काढा

आता बाजार. आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात कारण कापडी पिशवी म्हटली की लोक ऑनलाइन छान छापील कॉटनची टोट बॅग मागवतात. ब्रिटनच्या पर्यावरण खात्याने २०११ मध्ये हिशोब केला होता, साध्या पातळ पिशवीच्या कार्बन खर्चाची बरोबरी करायला नवी सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते. डेन्मार्कने २०१८ मध्ये पाणी, माती वगैरे सगळे परिणाम धरले तर आकडा ७,१०० वर गेला. या हिशोबांत गटारात अडकलेली आणि गाईच्या पोटात गेलेली पिशवी धरलेली नाही, तेव्हा यावरून प्लास्टिकच बरं असं कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं तर ते अर्धंच आहे. पण मुद्दा राहतो, कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला आधीच खूप खर्ची पडलंय, म्हणून नवीन कापड घ्यायचंच नाही. लग्नात, सेमिनारमध्ये, बँकेत मिळालेल्या पिशव्या आधी मोजा, आमच्याकडे ११ निघाल्या.

कमी पडल्या तर साडी. आईने कपाटातून तीन काढल्या आणि दोन परत ठेवल्या, "ही तुझ्या बारशाची आहे". राहिली ती जॉर्जेटसारखी सिंथेटिक साडी, जी कुणीच नेसत नव्हतं. नंतर कळलं की पिशवीला तीच उत्तम, घडी करून मुठीत मावते आणि पावसात दोन तासांत वाळते. सुती साडी पालेभाजीसाठी ठेवा.

माप आईचं: कापड १७ इंच रुंद आणि ३८ इंच लांब. साडी साडेपाच मीटर म्हणजे २१६ इंचांच्या आसपास आणि पन्हा ४५ इंच, म्हणजे आडवे दोन तुकडे बसतात आणि काठाला उरलेल्या पट्टीतून बंद निघतात. हिशोबाने दहा पिशव्या व्हायला हव्यात, विरलेला भाग सोडून आमच्या आठ झाल्या. तुकडा मधोमध दुमडा, आधी सुलट बाजूने कडेला पाव इंचाची टीप मारा, मग पिशवी उलटी करून परत एक टीप, म्हणजे धागे आत बंद होतात आणि तांदूळ भरले तरी शिवण उसवत नाही. वरची कड दीड इंच दुमडून शिवा. तळाचे दोन्ही कोपरे चिमटीत धरून त्रिकोण करा आणि टोकापासून दीड इंचावर आडवी टीप मारा, हे केलं की पिशवीला बूड येतं, ती उभी राहते आणि टोमॅटो कोपऱ्यात जाऊन चेंबत नाहीत. बंदासाठी चार इंच रुंद पट्टी चौपदरी दुमडून एक इंचाची करा, लांबी २२ इंच. बंद जिथे जोडता तिथे चौकोन शिवून त्यात फुलीची टीप, हीच जागा सगळ्यात आधी तुटते. मशीन नसेल तर कोपऱ्यावरचा आल्टरवाला शिवून देतो, फक्त ही फुली त्याला मुद्दाम सांगा, नाहीतर तो एक सरळ टीप मारून मोकळा होतो.

सुट्या भाजीसाठी जुनी मच्छरदाणी. ९ बाय १२ इंचाच्या पिशव्या, वर नाडी, सहा-सात करून ठेवा. मिरची, आलं, लिंबं, मटार सगळं वेगळं राहतं आणि आत काय आहे ते दिसतं. भाजीवाल्याकडे वजनाचा प्रश्नच नाही कारण तो काट्याच्या पारड्यात तोलून मग पिशवीत ओततो. अडचण सुपरमार्केटमध्ये, तिथे पातळ पिशवीत भरून स्टिकर लावतात. जाळीची पिशवी वीस-पंचवीस ग्रॅमची असते, मी सरळ तिच्यासकट तोलून घेतो आणि स्टिकर नाडीला चिकटवायला लावतो. काही ठिकाणी काउंटरवरचा मुलगा नाही म्हणतो, तेव्हा वाद घालत नाही, ती भाजी बाहेरून घेतो.

ओला माल: खरी परीक्षा इथेच

मासे पहिले. पहिल्यांदा स्टीलचा डबा घेऊन मासळी बाजारात गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "काय रे दादा, डबा घेऊन आलास, पंगतीला बसतोस का?" आजूबाजूच्या चार जणी हसल्या. दुसऱ्या वेळी त्यांनीच डब्यात बर्फाचे दोन खडे टाकून दिले. डबा कसा हवा तर रुंद तोंडाचा, क्लिपचं झाकण आणि आत रबराची रिंग असलेला, दोन लिटरचा पापलेट-सुरमईला पुरतो, बांगडे आणि बोंबील असतील तर तीन लिटरचा घ्या. मासे कापून झाल्यावर तिथेच पाणी निथळायला सांगायचं. हा डबा फक्त माशांचा, बाकी कशाला वापरायचा नाही, आणि घरी आल्यावर आधी थंड पाण्याने धुवायचा मग चिंच नाहीतर लिंबाच्या सालीने घासायचा, गरम पाणी आधी टाकलं की वास बसतो. चिकन-मटणाचंही तेच.

डब्यांची एक खरी अडचण म्हणजे वजन. दुकानदार डब्यासकट तोलेल की काय ही शंका आपल्याला, आणि डबा वजा करायचा कसा ही कटकट त्याला. उपाय पाच मिनिटांचा: सगळे डबे एकदा झाकणासकट तोलून आणा आणि परमनंट मार्करने बुडाला लिहून ठेवा, "३४० ग्रॅ." वगैरे. आता पनीरवाला डबा उलटा करून आकडा बघतो आणि काट्यावर वजा करतो, आणि त्याच्याकडे रांग असली तरी कुरकुर नाही. हॉटेलवाले मात्र सांबाराला डब्यात भरायला का कू करतात, कारण त्यांचं पार्सलचं माप त्या पिशवीवर ठरलेलं असतं, एक पिशवी म्हणजे दोन डाव. आमच्या उडप्याला मी म्हटलं, अण्णा, तुमच्या मापाने पातेल्यात घ्या आणि मग डब्यात ओता, तेव्हापासून प्रश्न मिटला.

दही. इथे माझं नुकसान झालंय, चांगल्या डब्यात घेऊन स्कूटरच्या डिकीत आडवा ठेवला, पुढच्या स्पीडब्रेकरला झाकण उडालं, गाडीची कागदपत्रं आजही आंबट वास मारतात. दह्याचा डबा पायांमध्ये उभा ठेवायचा नाहीतर दही घरीच लावायचं. आम्ही घरी लावतो आता, आठवड्याच्या चार पिशव्या तिथेच गेल्या.

कोथिंबीर आणि पालेभाजी. प्लास्टिक बंद केल्यावर आईची पहिली तक्रार हीच, दुसऱ्या दिवशी मेथी माना टाकते. पिशवी काय करत होती तर ओलावा धरून ठेवत होती. त्याऐवजी मुळं कापायची, पाणी पूर्ण निथळू द्यायचं, ओलसर पिळलेल्या सुती पंचात सैल गुंडाळायची आणि ते गुंडाळं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. पंचा तिसऱ्या दिवशी बदलायचा नाहीतर कुबट होतो. कोथिंबीर मात्र डब्यात, खाली कागदी नॅपकिन, वर कोथिंबीर, वर परत नॅपकिन, आठवडा आरामात निघतो. वर्तमानपत्र लावू नका इथे. छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात म्हणून एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधू नका असं सांगितलेलंच आहे, आणि गरम वड्याला तर अजिबातच नको. हे बोलायला वाईट वाटतं कारण कागदातल्या वडापावची सवय आपल्या सगळ्यांची, पण वडापावला ताटली किंवा पांढरा कागद मागा.

पूजेची फुलं सोपी. आमच्याकडचा फूलवाला पूर्वी पानात पुडा बांधून दोरा गुंडाळायचा, मध्ये पिशवीवर आला होता. मी रोज छोटी वेताची परडी नेऊ लागलो. पानात देणारा अजून असेल तर त्याला दोन रुपये जास्त द्या पण सोडू नका.

आणि एक माझं वैयक्तिक मत, वायरची पिशवी. ती रंगीत वायरने विणलेली, आजी बाजारात न्यायची ती. ती प्लास्टिकच आहे, हो, पण आमच्याकडची माझ्यापेक्षा जुनी आहे. कांदे-बटाटे आणि नारळ तिच्याइतके कोणी वाहत नाही. ती टाकून कापडी घेतली तर शुद्ध वेडेपणा. प्रश्न प्लास्टिकचा कमी आणि दहा मिनिटं वापरून फेकायचा जास्त आहे.

विसरणं

मोजणीतल्या त्या नऊ पिशव्या आठवतात? त्याला इच्छाशक्ती वगैरे काही उपयोगी नाही. जागा ठरवा. एक साडीची पिशवी घडी घालून ऑफिसच्या बॅगेत, एक डिकीत, आणि दोन चपलांच्या स्टँडवरच्या हुकाला. महत्त्वाचं असं की माल रिकामा केला की पिशवी किचनमध्ये ठेवायची नाही, तिथल्या तिथे दाराच्या हुकाला, आणि ऑफिसची पिशवी तर भाजी काढल्या काढल्या परत बॅगेत. पहिले दोन महिने मी चावी त्या पिशवीच्या बंदात अडकवून ठेवायचो, त्यामुळे पिशवी घेतल्याशिवाय घरातून निघताच यायचं नाही. तरी विसरलो तर? लिंबं खिशात, जुडी हातात. दोनदा हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन लोकलमध्ये उभं राहिलं की माणूस पिशवी विसरत नाही.

फसवे पर्याय

कापडासारखी दिसणारी, कपड्याच्या दुकानात मिळणारी ती खरखरीत पिशवी कापडी नसते, ती नॉनवोव्हन, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. तिचा एक कोपरा कापून चिमट्यात धरून जाळून बघा, मोकळ्या हवेत, कापूस असेल तर कागदासारखी राख होईल, ही मात्र वितळून टपकन मण्यासारखी गोठते. उन्हात ठेवली की सहा महिन्यांत भुगा होतो आणि तो भुगा वेचताही येत नाही. केंद्राच्या नियमाने ६० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ६० ग्रॅम) खालची नॉनवोव्हन २०२१ पासून बंद आहे.

हिरव्या पानाचं चित्र काढलेली "बायो" पिशवीही तपासा. खरी कंपोस्टेबल पिशवी असेल तर तिच्यावर कंपोस्टेबल हा शब्द, उत्पादकाचं नाव आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक छापलेला असतो. नुसतं "इको फ्रेंडली" लिहिलेलं असेल तर ठेवा बाजूला. आणि खरी असली तरी ती कुजते खताच्या प्रकल्पातल्या उष्णतेत, गटारात पडली तर गटारच तुंबवणार.

कागदी पिशवीबद्दल पुलावरचा किस्सा सांगितलाच. मेडिकल, किराणा, सुकामेवा, बांगड्या यांना ती उत्तम, ओल्याला नाही. बचत गटांकडून घेत असाल तर तळाला पुठ्ठ्याचा तुकडा आणि खळीऐवजी चांगला डिंक मागा, पावसाळ्यात खळ सुटते आणि झुरळं येतात ते वेगळं.

गेटबाहेरचे पाच भाजीवाले

घरापुरतं झालं की मग गल्ली. एकट्या भाजीवाल्याला पिशवी बंद करा म्हणणं म्हणजे त्याच्या पोटावर पाय, हे मला मावशींनीच समजावलं. "मी नाही दिली तर बाई पुढच्याकडं जाते, जाताना माझा दोडका पण परत ठेवून जाते." म्हणजे बंद करायची तर अख्ख्या रांगेने एकाच दिवशी. आमच्या गेटबाहेर पाच जण बसतात, पाचही जण एकत्र बसवून चहा पाजला, तारीख ठरवली आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. मध्ये एकदा कारवाईवाले आले आणि पाचातल्या सगळ्यात गरीब माणसालाच दंड करून गेले, ज्या होलसेलरने पिशव्या विकल्या तो बाजूच्या गल्लीत निवांत होता. त्या दिवशी रांग मोडायलाच आली होती. आम्ही काही घरांनी मिळून त्याचे पैसे भरले, नाहीतर सगळं तिथेच संपलं असतं.

विसरणाऱ्यांसाठी पिशवी बँक काढली. पहिल्या महिन्यात फुकट दिल्या, जुन्या चादरींच्या ४० पिशव्या, "वापरून परत आणा" अशी पाटी. परत आल्या ६. मग २० रुपये डिपॉझिट लावलं, पिशवी परत दिली की २० रुपये परत किंवा भाजीत वळते. त्यानंतर बहुतेक पिशव्या परत येतात, आणि गंमत म्हणजे लोक घरून पिशवी आणायला लागले कारण वीस रुपये काढून द्यायचा कंटाळा. आयर्लंडमध्ये २००२ मध्ये पिशवीला १५ सेंट लावले तेव्हा वापर जवळपास ९० टक्क्यांनी उतरला होता, त्यांनी बंदी घातलीच नव्हती. तामिळनाडूत २०२१ च्या डिसेंबरपासून "मंजप्पै", म्हणजे पिवळी कापडी पिशवी, परत आणायची सरकारी मोहीम आहे, बाजारात १० रुपयांत पिशवी देणारी मशीनं लावलीत. मशीन नसेल तर खिळा आणि वही पुरते. वही मात्र भाजीवाल्याकडे नको, त्याला वेळ नसतो, शेजारच्या इस्त्रीवाल्याकडे ठेवा, तो दिवसभर तिथेच असतो. पिशव्यांना रंगाने मोठा ठिपका काढा, नाहीतर त्या कुणाच्या तरी घरी पायपुसणं होतात. धुवायच्या कुणी हेही आधीच ठरवा, आमच्याकडे ते ठरलं नव्हतं आणि दुसऱ्या महिन्यात त्यांना कांद्याचा वास मारायला लागला, आता दर सोमवारी आळीपाळीने एका घराच्या मशीनमध्ये.

जमलेल्यांचं काय

खिळ्यावरच्या जुन्या पिशव्या एका दिवसात फेकू नका, नाहीतर तुम्हीच एकदम दोनशे पिशव्या कचऱ्यात घातल्या. धुऊन वाळवून सुक्या कचऱ्यात द्या, ओल्या किंवा खरकट्या असतील तर पुढे कुणी घेत नाही. त्यातल्या दहा-बारा जाड निवडून चपला, ओले कपडे, रंगाचे ब्रश यांना ठेवा. दुधाच्या पिशवीला रद्दीवाल्याकडे किंमत आहे, फक्त कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका, चीर द्या आणि तुकडा लटकताच ठेवा, तो एवढासा तुकडा कुणीच वेचत नाही, सिंकमधून थेट नाल्यात जातो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर सगळं परत शिकावं लागतं. सुती पिशवी भिजली की जड होते, वाळत नाही आणि चौथ्या दिवशी काळे ठिपके येतात, म्हणून पावसाळ्यात सुती आत, सिंथेटिक साडीच्या बाहेर. घरी आलं की उलटी करून पंख्याखाली, खुर्चीच्या पाठीवर नाही, दोरीवर, कारण खुर्चीवर तळ ओलाच राहतो. मोबाइल आणि पाकिटासाठी मी एक जुनी जाड दुधाची पिशवी धुऊन बॅगेच्या पुढच्या कप्प्यात ठेवलीय, तीच तिसरा पावसाळा चाललीय. दारामागच्या खिळ्यावर आता छत्री असते. आईने त्या खिळ्याशेजारी दुसरा एक खिळा मारून घेतलाय आणि त्याला कापडी पिशव्यांची पिशवी लावलीय, तिच्यात सध्या २३ पिशव्या आहेत, आणि चांगली पिशवी टाकायची नाही हा नियम कायम आहे.